काचेच्या दोन्ही बाजूंना

1962 सालच्या एका फ्रेंच चित्रपटाची सुरुवात मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता ती डोळे मिटूनही दिसते. पडद्यावर एका तरुणीचा चेहरा येतो. आधी डावीकडून, मग समोरून, मग उजवीकडून. पोलीस ठाण्यात आरोपीचे फोटो काढतात तसा. मागे मिशेल लग्रांचं संगीत सुरू होतं आणि कुणी कात्री चालवल्यासारखं मधेच थांबतं. शांततेत ती आवंढा गिळते, तिच्या पापण्या हलतात. मग श्रेयनामावली संपते, कॅफेतला पहिला प्रसंग सुरू होतो. नवरा-बायको काउंटरपाशी बसून वेगळं होण्याबद्दल बोलत असतात. आणि इतका वेळ ज्या चेहऱ्यावर कॅमेरा खिळला होता, तो चेहरा आता दिसतच नाही! दिसतं ते पाठमोरं डोकं, आखूड काळे केस, मान. समोरच्या आरशात दूरवर, अंधूक, एक चेहरा हलतो तेवढाच.

पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, आपल्या खुर्चीची जागा चुकली. मग लक्षात आलं की ही पाठ ज्या मुलीची आहे ती चार वर्षांपूर्वी फक्त चेहऱ्यावर पोट भरत होती. पॅरिसमधल्या मासिकांची ती मॉडेल. तिचं नाव आना कारीना, चित्रपट 'व्हिव्र सा व्ही', म्हणजे आपलं आयुष्य जगणं, आणि दिग्दर्शक तिचा नवरा, ज्याँ-लुक गोदार. मॉडेलला नायिका म्हणून घ्यायचं आणि पहिल्याच प्रसंगात तिची पाठ दाखवायची, यात मला एक फार मोठा प्रश्न दडलेला दिसतो. फोटोसाठी उभं राहणारं माणूस चित्रपटात येतं तेव्हा नेमकं काय बदलतं? आणि तेच माणूस पुढे कॅमेऱ्यामागे जाऊन उभं राहतं, तेव्हा?

ती मूळची डेन्मार्कची. 1940 मध्ये जन्मली, नाव हाने कारिन बायर. आईचं कपड्यांचं दुकान होतं, वडील लवकरच घर सोडून गेले होते. लहानपण आजी-आजोबांकडे, काही वर्षं परक्या घरी, मग पुन्हा आईकडे, असं तुकड्या-तुकड्यांत गेलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. सतराव्या वर्षी, 1958 मध्ये, वाटेत गाड्यांना हात करत ती पॅरिसला पोचली. फ्रेंच येत नव्हतं. ते तिने थिएटरात बसून, चित्रपट पाहून पाहून उचललं, असं ती सांगायची. एका कॅफेत बसलेली असताना एका बाईने तिला विचारलं, फोटो काढून घेशील का? तिथून मासिकं आली, जाहिराती आल्या. 'एल' या मासिकाच्या एका फोटोसत्राच्या वेळी कोको शनेल तिथे होत्या. त्यांनी नाव विचारलं, ते लांबलचक डॅनिश नाव ऐकलं आणि सांगितलं, तू आना कारीना हो. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहीत. या मुलीचं नवं नाव लिहिलं ते कापडाच्या दुनियेतल्या सर्वांत प्रसिद्ध बाईने, आणि ते आयुष्यभर टिकलं.

आता जरा त्या फोटोंच्या दुनियेत थांबूया, कारण पुढचं सगळं तिथूनच उगवतं.

पन्नाशीच्या दशकात फॅशनचे फोटो काढणाऱ्यांच्या हातात बहुधा रोलिफ्लेक्स असे. एकावर एक दोन भिंगं असलेली ती पेटी छायाचित्रकार पोटाशी धरतो आणि वरच्या धुरकट काचेत मान खाली घालून बघतो. म्हणजे मॉडेल जेव्हा समोर बघते तेव्हा तिला माणसाचे डोळे दिसत नाहीत. खाली वाकलेला माथा दिसतो आणि एक काच. त्या काचेकडे असं बघायचं की जणू तिथे जिवलग कुणी उभं आहे. ही सोपी गोष्ट नाही. घरच्या समारंभात फोटोवाला 'इकडे बघा' म्हणतो तेव्हा आपले चेहरे कसे लाकडी होतात ते आठवून पाहा.

त्या रोलिफ्लेक्सच्या एका रिळात बारा फोटो निघत. बारा फोटो धुऊन एका कागदावर ओळीने छापले जात, मग संपादक भिंग लावून बघत आणि त्यांतला एक निवडत. उरलेले अकरा बाद. मॉडेलचं काम त्या एका क्षणाला पक्व करण्याचं. हनुवटी बोटभर खाली, खांदा किंचित पुढे, श्वास धरलेला, आणि खटका. मग श्वास सोडायचा, पुढची ठेवण. एका ठेवणीतून दुसरीत जाताना शरीर जे काही करतं ते कुणाच्याच कामाचं नसतं. मॉडेलच्या कलेत हे अधले-मधले क्षण गळून पडण्यासाठीच असतात.

यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. मॉडेलसमोर आरसा नसतो. काचेपलीकडे आपण कशा दिसत आहोत, चौकट कुठे संपते, हात कोपरापासून कापला जाईल की बोटांपासून, उजेड गालाच्या कुठल्या हाडावर पडला आहे, हे तिला न बघता कळावं लागतं. स्वतःच्या शरीराबाहेर दहा पावलांवर आपलाच एक डोळा नेऊन ठेवायचा आणि त्यातून स्वतःकडे बघायचं. हे कसब बोलून शिकवता येत नाही. चांगल्या मॉडेलला ते अंगवळणी पडलेलं असतं, आणि तिला 'नुसती दिसायला सुंदर' म्हणणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

याच काळात कारीना साबणाच्या एका जाहिरातीत दिसली, टबात, गळ्यापर्यंत फेसात. ती जाहिरात गोदारने पाहिली आणि 'आ बू द सूफ्ल' या आपल्या पहिल्या चित्रपटातल्या एका छोट्या भूमिकेसाठी तिला बोलावलं. भूमिकेत कपडे उतरवायचे होते. तिने नाही म्हटलं. जाहिरातीत तर चाललं की, असं तो म्हणाला. त्यावर तिने काय सुनावलं ते तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं: फेसाखाली मी पोहण्याचा पोशाख घातला होता, नग्नता होती ती तुमच्या डोक्यात. अठरा वर्षांची, फ्रेंचमध्ये अडखळणारी, कामाची गरज असलेली मुलगी हे बोलते याचं मला अजून कौतुक वाटतं. चित्र कुठे संपतं आणि बघणाऱ्याची कल्पना कुठे सुरू होते, हे तिला तिच्या धंद्यामुळे नीट माहीत होतं. जाहिरात बनवणाऱ्यांना जे दाखवायचं होतं ते त्यांनी दाखवलंच नव्हतं. बघणाऱ्याने ते स्वतःच पाहिलं होतं.

काही महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं, या वेळी नायिकेच्या भूमिकेसाठी. फ्रान्समध्ये तेव्हा 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय माणूस सज्ञान धरलं जात नसे, म्हणून करारावर सही करायला तिची आई डेन्मार्कहून आली. 'ल प्ती सोल्दा', म्हणजे छोटा सैनिक, 1960 मध्ये जिनिव्हात चित्रित झाला. अल्जेरियाच्या युद्धाचा विषय असल्यामुळे फ्रेंच सरकारने तो अडवला आणि प्रेक्षकांना तो पाहायला मिळाला 1963 मध्ये.

या चित्रपटात एक लांबलचक प्रसंग आहे. नायक छायाचित्रकार आहे आणि तो नायिकेचे फोटो काढतो. म्हणजे मॉडेलने मॉडेलचंच काम करायचं, फक्त आता तिच्यासमोर दोन कॅमेरे आहेत. एक नायकाच्या हातातला, जो खटके मारतो आहे. दुसरा चित्रपटाचा कॅमेरामन राऊल कुतारचा, जो अखंड चालू आहे. नायक तिला प्रश्न विचारत राहतो, ती खोलीभर फिरते, हसते, वैतागते. याच प्रसंगात नायक ते प्रसिद्ध विधान करतो, की छायाचित्रण म्हणजे सत्य असेल तर सिनेमा म्हणजे सेकंदाला 24 वेळा सत्य. सिनेमाच्या पुस्तकांतून हे वाक्य सुविचारासारखं फिरतं. पण ते ज्या मुलीकडे बघत उच्चारलं गेलं तिच्याकडे बघा. नायकाच्या कॅमेऱ्यासाठी ती ठेवण घेते आणि लगेच मोडते. ते मोडणं कुतारचा कॅमेरा टिपतो. जे अकरा फोटो कचऱ्यात जायचे, ते इथे पहिल्यांदा पडद्यावर येत होते.

सेकंदाला 24 वेळा, हे जरा उलगडून पाहूया. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग धावत नाही. ती थबकते, तिच्यावर उजेड पडतो, मग एक फिरती चकती उजेड अडवते, त्या अंधारात फिल्म एक घर पुढे सरकते, पुन्हा थबकते. हे सेकंदाला 24 वेळा. चकती बहुधा अर्धवर्तुळाकार असते, म्हणून प्रत्येक चौकटीवर उजेड पडतो तो साधारण सेकंदाच्या 48व्या भागाइतकाच वेळ. उरलेला तितकाच वेळ अंधार. हिशोब मांडा. दीड तासाच्या चित्रपटात 1,29,600 चौकटी असतात, आणि त्या दीड तासातली जवळपास पंचेचाळीस मिनिटं फिल्मवर उमटलेलीच नसतात! नट बोलत होते, श्वास घेत होते, आणि कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला होता. आपलं मन ती भोकं भरून काढतं आणि आपल्याला कळूही देत नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. कुतार ज्या एक्लेर कंपनीच्या हलक्या कॅमेऱ्याने काम करायचा त्यात त्या फिरत्या चकतीवर आरसा असे. फिल्मवर उजेड पडत असताना कॅमेरामनच्या डोळ्याला काही दिसत नाही. चकती आड आली की आरशातून उजेड त्याच्या डोळ्याकडे वळतो. म्हणजे फिल्मने जे पाहिलं ते कॅमेरामनने पाहिलेलं नसतं, आणि त्याने जे पाहिलं ते फिल्मवर नसतं. दोघे आळीपाळीने बघतात. त्या दोन्ही अर्ध्यांत सलग हजर असणारं एकच माणूस असतं, आणि ते काचेच्या अलीकडे अभिनय करत असतं.

फोटोकडून सिनेमाकडे येणाऱ्या मॉडेलची खरी परीक्षा इथेच होते. ज्यांना फक्त क्षण येतात त्या पडद्यावर एका सुंदर ठेवणीतून दुसरीकडे उड्या मारत जातात, आणि मधली जागा रिकामी दिसते. कारीनाने उलट केलं. तिने मधली जागाच आपली केली. 1961 च्या 'यून फाम ए यून फाम' मध्ये ती अंडं तळताना हवेत उडवते, मधेच जाऊन फोनवर बोलून येते आणि परत येऊन ते तव्यात झेलते. खोटं आहे हे दिसत असूनही आपण टाळी देतो. फ्रेंच 'र' तिच्या जिभेवर नीट चढत नाही, तर ती अडचण लपवण्याऐवजी चित्रपटात तिचाच खेळ केला आहे. हा गोदारचा जागच्या जागी आवाज नोंदवलेला पहिला चित्रपट, त्यामुळे तिची परकी चाल जशीच्या तशी ऐकू येते. या भूमिकेसाठी तिला बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. वय वीस.

आता काचेकडे परत येऊ. मॉडेलला आयुष्यभर एकच गोष्ट सांगितलेली असते: भिंगाकडे बघ. नटाला पहिल्या दिवशी सांगतात: काही झालं तरी भिंगाकडे बघू नकोस. सिनेमाचा सगळा डोलारा या एका नियमावर उभा आहे. समोर कुणी नाहीच, ही माणसं आपापल्या आयुष्यात गुंग आहेत, आपण त्यांना चोरून बघतो आहोत, हा भास नटाच्या एका नजरेने फुटतो. एका धंद्यातून दुसऱ्यात येताना म्हणूनच डोळ्यांना नवी सवय लावावी लागते, आणि डोळ्यांच्या सवयी फार चिवट असतात.

पण हा नियम काही निसर्गाचा नाही. आपल्या तमाशात सोंगाड्या थेट लोकांशी बोलतो. गवळणीतली मावशी प्रेक्षकांकडे बघूनच डोळा मारते. कीर्तनकार तर गोष्टीत शिरतो, बाहेर येतो, श्रोत्यांना दम भरतो, पुन्हा गोष्टीत जातो, आणि गोष्टीचा धागा तुटत नाही. चोरून बघण्याचा भास ही नाट्यकलेची एक रीत झाली, एकमेव नव्हे. गोदारने कारीनाच्या डोळ्यांतली मॉडेलची सवय मोडली नाही. उलट तिला मोकळीक दिली. 'यून फाम ए यून फाम' मध्ये नायक-नायिका आपला तंटा सुरू करण्याआधी प्रेक्षकांना वाकून नमस्कार करतात. मला तर नांदी संपल्यासारखं वाटतं. 1965 च्या 'पिएरो ल फू' मध्ये गाडी चालवता चालवता नायक बेल्मोंदो मागे वळून काहीतरी बोलतो. ती विचारते, कुणाशी बोलतोयस? तो म्हणतो, प्रेक्षकांशी. ती मागे वळून आपल्याकडे बघते. क्षणभरच. ती नजर कुठल्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभली असती, फक्त ती आता विकायला काही आणलेलं नसलेल्या माणसाची नजर होती.

पण माझं मन परत परत जातं ते 'व्हिव्र सा व्ही' कडेच. बारा भागांत मांडलेला हा चित्रपट. रोलिफ्लेक्सच्या एका रिळातही बाराच फोटो. हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. नाना नावाची मुलगी. रेकॉर्डच्या दुकानात विक्रीचं काम करते, सिनेमात जायचं स्वप्न आहे, भाड्याला पैसे नाहीत, आणि हळूहळू देहविक्रयाकडे ढकलली जाते. एका प्रसंगात तिला कुंटणखान्याच्या मालकिणीला पत्र लिहायचं असतं. त्यात उंची कळवायची आहे. तिला ती माहीत नाही. मग ती उठून उभी राहते आणि स्वतःच्या हाताच्या वितीने पायापासून डोक्यापर्यंत स्वतःला मोजत जाते. वीत, अजून एक वीत. आपल्याकडे बाळाला असंच मोजतात, शिवणकामात कापडही. मॉडेलच्या धंद्यात उंची, छाती, कंबर हे आकडे नावाआधी विचारले जातात. ज्या मुलीला दुसऱ्यांनी कित्येकदा फितीने मोजलं असेल, ती इथे स्वतःच्या वितीने स्वतःला मोजते, आणि तेही विकण्यासाठी. इतक्या साध्या हालचालीत इतकं दुःख मी क्वचितच पाहिलं आहे.

याच चित्रपटात नाना एका थिएटरात जाऊन बसते. पडद्यावर कार्ल ड्रेयरचा 1928 चा मूकपट चालू आहे, जोन ऑफ आर्कवरचा. जोनचं काम करणाऱ्या फाल्कोनेत्तीचा रडणारा चेहरा पडदाभर. मग अंधारात बसलेल्या नानाचा चेहरा, डोळ्यांतून ओघळणारं पाणी. पुन्हा फाल्कोनेत्ती. ड्रेयर डेन्मार्कचा, कारीनाही डेन्मार्कची, आणि 'ल प्ती सोल्दा' मधल्या तिच्या पात्राचं आडनावही ड्रेयर ठेवलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की इथे आपण बघणाऱ्या माणसाचा चेहरा बघत असतो. आतापर्यंत जिला बघितलं गेलं, ती आता बघते आहे. बघता बघता तिला रडू येतं, आणि ते बघून आपल्याला.

शेवटच्या भागात एक तरुण पो या लेखकाची गोष्ट वाचून दाखवतो. एक चित्रकार आपल्या बायकोला समोर बसवून तिचं चित्र काढतो. जसजसा चित्रात जीव येतो तसतसा बायकोतला जीव जातो. पडद्यावर दिसतो तो तरुण नट, पण वाचणारा आवाज गोदारचा स्वतःचा आहे. समोर त्याची बायको. नवऱ्याने बायकोला, सगळ्या जगासमोर, आपण तिच्याशी काय करतो आहोत ते सांगावं, याला मी काय म्हणू? प्रामाणिकपणा म्हणू तर तो आहे. पण कळत असूनही ब्रश थांबत नाही, हेही त्याच गोष्टीत आहे.

1965 पर्यंत ते वेगळे झाले होते. तरी काम चालू राहिलं. एकूण सात मोठे चित्रपट त्यांनी मिळून केले. लूव्र संग्रहालयातून तिघांनी 9 मिनिटं 43 सेकंदांत पळत जाण्याचा विक्रम करणारा 'बांद आ पार' त्यांतलाच, भविष्यातल्या शहराची कथा दिव्यांशिवाय, खऱ्याखुऱ्या पॅरिसच्या रात्री टिपणारा 'आल्फाव्हिल' ही. या सगळ्यात तिला एक बिरुद चिकटलं: गोदारची प्रेरणा. आजही तिच्यावरच्या बहुतेक लेखांत पहिल्या ओळीत ते असतं. मला ते मनापासून खटकतं. प्रेरणा म्हटलं की ती बाई गप्प बसून राहते आणि काम दुसराच कुणी करतो. चित्रकारासमोर खुर्चीत बसलेली त्या गोष्टीतली बायको, तीही प्रेरणाच होती.

तिने इतरांबरोबर जे केलं ते या बिरुदात मावत नाही. दिदरोच्या कादंबरीवरून 'ला रलिजियूझ' हे नाटक जाक रिव्हेतने 1963 मध्ये बसवलं, त्यात मनाविरुद्ध मठात कोंडलेल्या मुलीची भूमिका तिची होती. पुढे त्याचाच चित्रपट झाला, 1966 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ती उठली. या चित्रपटात तिचा चेहरा शिरवस्त्राच्या चौकटीत घट्ट बांधलेला. केस नाहीत, मान नाही, फॅशनचे कपडे नाहीत. मॉडेलची सगळी साधनं काढून घेतल्यावर उरतं ते इथे पाहावं. 1967 मध्ये दूरचित्रवाणीसाठी 'आना' नावाची संगीतिका झाली, गाणी सर्ज गेन्सबूरची. त्यात जाहिरात क्षेत्रातला एक माणूस फोटोतल्या अनोळखी मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिला शहरभर शोधत सुटतो. ती मुलगी त्याच्याच कार्यालयात काम करत असते, चष्मा लावून. तो तिला ओळखत नाही. साबणाच्या फेसाची ती जुनी गोष्ट आठवते ना?

आणि मग 1973.

त्या वर्षी कानच्या महोत्सवात, समीक्षक सप्ताहात, 'व्हिव्र आंसांब्ल' नावाचा चित्रपट दाखवला गेला. कथा-पटकथा आना कारीना, दिग्दर्शन आना कारीना, निर्मिती तिचीच, मुख्य भूमिकेतही तीच. नाव पुन्हा वाचा. नवऱ्याने केलेल्या चित्रपटाचं नाव 'आपलं आयुष्य जगणं'. हिचं, 'एकत्र जगणं'. पहिला शब्द तोच, 'व्हिव्र', जगणं. अकरा वर्षांनी तिने तोच शब्द उचलला आणि पुढचा बदलला. एक चाकोरीतला इतिहासाचा शिक्षक आणि उद्याची फिकीर नसलेली एक मुलगी यांची ही गोष्ट. तो घर सोडून तिच्यासोबत राहतो, दोघं न्यूयॉर्कला जातात, मूल होतं. हळूहळू पारडी उलटी होतात: ती सावरत जाते आणि तो ढासळत जातो. हा काही निर्दोष चित्रपट नाही. काही प्रसंग सैल आहेत, काही घाईत संपतात. पण त्यात एक गोष्ट आहे जी गोदारच्या सातही चित्रपटांत नाही. इथे मुलगी मरत नाही, पळून जात नाही, गूढ राहत नाही. ती बाळाला सांभाळते.

त्या काळी अभिनेत्रीने दिग्दर्शन करायला उठणं फ्रान्समध्येही विचित्र समजलं जाई. ज्यान मोरोसारख्या मोठ्या अभिनेत्रीचा पहिला चित्रपट आला तो यानंतर, 1976 मध्ये. आन्येस वार्दा होती, पण ती आली होती दुसऱ्या बाजूने: आधी स्वतः छायाचित्रकार, मग दिग्दर्शक. ती पहिल्यापासून काचेमागेच होती. गंमत म्हणजे वार्दाच्या 'क्लेओ' मध्ये जो छोटासा मूकपट मधेच येतो त्यात कारीना आणि गोदार दोघेही आहेत. काचेसमोरून काचेमागे चालत जाण्याची वाट मात्र फार कमी जणींनी तुडवली होती.

ही वाट इतकी अवघड का, ते कामाच्या अंगाने बघा. आज दिग्दर्शक छोट्या पडद्यावर प्रत्येक प्रसंग घडतानाच बघतो. 1973 मध्ये खिशातून पैसे घालून केलेल्या चित्रपटाला तशी सोय नसे. स्वतःच अभिनय करणाऱ्या दिग्दर्शकाला आपण काय केलं ते कळायचं फिल्म धुऊन, छापून आल्यावर. तोवर कलाकार घरी गेलेले असत, उजेड बदललेला असे. कॅमेरामनलाही विचारून भागत नाही. त्याने पाहिलेलं आणि फिल्मवर उमटलेलं यांचं नातं आपण वर पाहिलंच. मग चौकटीच्या आत उभं राहून, संवाद बोलता बोलता, ती चौकट बाहेरून कशी दिसते हे कुणाला कळणार? खांदा जास्त पुढे आला का, सावली नाकावर पडली का, समोरच्या नटाला आपण झाकलं का?

हे कळण्याचं कसब एकाच धंद्यात रोज घोटून घेतलं जातं. दहा पावलांवर आपला एक डोळा ठेवून आरशाविना स्वतःला बघणं. पॅरिसच्या स्टुडिओंत, खाली वाकलेल्या माथ्यांसमोर, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने जे शिकून घेतलं होतं ते तिला तिशी ओलांडल्यावर, सेटवर, एकटीला उपयोगी पडायचं होतं. मॉडेलिंग मागे टाकून ती अभिनयाकडे आली आणि अभिनय मागे टाकून दिग्दर्शनाकडे गेली, असं तिचं चरित्र लिहितात. मला तसं दिसत नाही. पहिलं शिक्षण शेवटपर्यंत तिच्या अंगात होतं.

त्यानंतर दिग्दर्शनात खूप मोठा खंड पडला. अभिनय चालू राहिला, फास्बिंडरसारख्या दिग्दर्शकाकडेही. तिने कादंबऱ्या लिहिल्या, गाणी गायली. पुन्हा दिग्दर्शक म्हणून ती आली 2008 मध्ये, पस्तीस वर्षांनी, 'व्हिक्टोरिया' घेऊन. कॅनडातल्या क्वेबेकच्या रस्त्यांवरून गात-भटकत जाणाऱ्या मंडळींचा चित्रपट, गाणी फिलिप कातरीनची. पुन्हा लेखन तिचं, दिग्दर्शन तिचं, आणि आठवण हरवलेल्या व्हिक्टोरियाची भूमिकाही तिचीच. वय अडुसष्टीला टेकलेलं. 14 डिसेंबर 2019 रोजी पॅरिसमध्ये ती गेली.

ती गेल्याचं वाचलं त्या रात्री मी 'व्हिव्र सा व्ही' पुन्हा लावला. डावी बाजू. समोरून. उजवी बाजू. संगीत थांबलं. समोरून असलेल्या त्या चौकटीत, कपाळावरच्या केसांखाली, तिने डोळे वर केले, आणि या वेळी मला वाटलं, ती बघते आहे ते भिंग नव्हे. चौकट कुठे संपते ते ती बघून ठेवते आहे.